सात गाड्यांचा पिवळा दिवा

“परत लागला,” डॉक्टर शिरगुप्पे बाई गाडीतून उतरायच्या आधीच खिडकीतून म्हणाल्या. “मिस्त्री, परवा तुम्ही नवा सेन्सर घातलात आणि आज नांदणीच्या फाट्यावर तो मेला पिवळा दिवा परत लागला.”

मामंजी हातातला पान्हा फडक्यानं पुसत होते. ते पुसतच राहिले.

“गाडी ओढती का?”

“कुठली ओढते! उसाच्या ट्रॅक्टरमागनं रांगत आले. सायकलवाले वळून वळून बघत होते. तिकडं कुरुंदवाडला चाळीस पोरं तपासायला बसलीत आणि मी रस्त्यात.”

“शैला, यंत्र घिऊन ये.”

यंत्र म्हणजे गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर आणि शैला म्हणजे मी, यशवंत मिस्त्रींची एकुलती एक सून. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. जयसिंगपुरात शिरोळ रस्त्याला मामंजींचं गॅरेज होतं, मागच्या बाजूला आमचं घर. माझे मिस्टर सैन्यात, तेव्हा जोधपूरला होते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, लग्नाआधी सांगलीत एका दुकानात इन्व्हर्टर दुरुस्त करायचे. सासरी आल्यावर डिप्लोमा कपाटात गेला. त्याच कपाटात मामंजींनी हौसेनं आणलेला जुना स्कॅनरही पडून होता, कारण त्यावरची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. आम्ही दोघं एकाच कपाटात किती दिवस गप्प बसणार? एका दुपारी मी तो बाहेर काढला, दारात उभ्या असलेल्या गाडीला जोडला आणि पडद्यावर काय आलंय ते मामंजींना वाचून दाखवलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाळाला हात लावला. मामंजींनी मात्र दुसऱ्या दिवशी मला बसायला एक स्टूल आणून दिलं.

पण वाचणं वेगळं आणि सांगणं वेगळं. सांगायचं ते मामंजींनीच. बॉनेटवर तळहात ठेवून ते कुठला प्लग मेलाय ते ओळखायचे. जुनी गाडी घ्यायची झाली तर लोक आधी मिस्त्रींना दाखवायचे. त्यांनी मान हलवली तर सौदा, नाहीतर राम राम. चाळीस वर्षांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

“ऑक्सिजन सेन्सर,” मी वाचलं. “परवाचाच कोड आहे, मामंजी.”

हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसलेला असतो. धूर तपासून पेट्रोल कमी होतंय की जास्त, ते तो गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. त्याचं काही बिनसलं की डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो.

“नवा कोरा घातलाय की त्यो,” मामंजी म्हणाले. “डुप्लिकेट माल गळ्यात मारला त्या कोल्हापूरच्या दुकानदारानं. दुसरं काय!”

मी कोड वहीत उतरवला. पण दसऱ्याला बारा दिवस झाले होते आणि तेवढ्यात दारात आलेली ही सातवी गाडी होती. सातही आमची नेहमीची गिऱ्हाइकं, गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. कुणाचा ऑक्सिजन सेन्सर, कुणाचं हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडलंय, कुणाचा आणखी काही कोड. आम्ही भाग बदलायचा, दिवा घालवायचा, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि दोन दिवसांनी तोंड वाकडं करून परत यायचं. सात दुकानांतून सात डुप्लिकेट सेन्सर येतील, एवढी काही आमची दशा फिरलेली नव्हती.

तेवढ्यात दस्तगीर मुजावरांची टॅक्सी आत आली. दस्तगीरभाई आमचे जुने गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ पण मनानं साफ. तेही त्या सातांतलेच.

“मिस्त्री, राग धरू नका, पण कानावर आलं त्ये सांगतो,” ते म्हणाले. “हायवेवर नवं सर्व्हिस सेंटर झालंय न्हवं, तितला म्यानेजर काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, त्या म्हाताऱ्याला जुना कार्बोरेटर दाखवा, नवी गाडी दाखवू नका. जी गाडी त्याच्या दारात जाती तिला दिवा लागतो.”

शेडमध्ये तीन-चार माणसं होती. कुणी हसलं नाही, पण कुणी “छे छे”ही म्हणालं नाही. मामंजींनी ते ऐकलं, आणि जे कुणी म्हणालं नव्हतं तेही ऐकलं.

त्यांनी पान्हा खाली ठेवला.

“दस्तगीर, समद्यास्नी सांगावा दे. रविवारी सकाळी नऊला सातीच्या साती गाड्या हितं आनायच्या. बिघाड काय हाय त्यो मी समद्यांच्या देखत सांगनार. न्हाई सांगता आलं, तर सोमवारी ह्ये शटर उघडनार न्हाई. सोमवारीच न्हवं, परत कवाच न्हाई.”

“अहो मिस्त्री, मी आपलं—”

“झालं बोलून माझं.”

तो गुरुवार होता. मामंजी एकदा बोलले की बोलले, हे आमच्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. डॉक्टर बाई गाडी तिथंच ठेवून रिक्षानं गेल्या.

शुक्रवारी मामंजी एकेक गाडी बोलावून तपासत राहिले. प्लग बघितले, वायरी बघितल्या, पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरून बघितलं. सगळं ठीक. सगळं ठीक असणं हाच मोठा त्रास असतो. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा असा उतरला की आत्याबाईंनी न मागता दोनदा चहा केला.

मी आपली वहीचं शेवटचं पान घेऊन बसले. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून आमच्या हाताखालून एकोणीस गाड्या गेल्या होत्या. बारांना काही झालं नव्हतं. मग या सातांत असं काय आहे जे त्या बारांत नाही? मी गाड्यांची माहितीपुस्तकं धुंडाळली, सांगलीच्या माझ्या जुन्या मालकांना फोन करून डोकं खाल्लं. जेवणाच्या वेळेला उत्तर सापडलं. या सातही गाड्यांत एअर फिल्टरच्या मागच्या नळीत हवा मोजायचा सेन्सर होता. बारांत तो नव्हता. त्या गाड्या हवेचा अंदाज दुसऱ्या पद्धतीनं घेतात.

हा हवेचा सेन्सर म्हणजे केसाएवढी बारीक तार. ती गरम असते आणि आत जाणारी हवा तिला गार करते. किती गार केली त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की हवा किती आली, आणि तेवढंच पेट्रोल तो सोडतो. आता ती तारच खोटा आकडा सांगायला लागली तर? पेट्रोल चुकणार, धूर चुकणार, आणि पुढचे बिचारे इमानदार सेन्सर ओरडायला लागणार. आणि आम्ही जो ओरडेल त्यालाच धरून बदलत होतो.

शनिवारी सकाळी मामंजी मला न विचारता कोल्हापूरला गेले, त्या दुकानदाराशी भांडायला. मी डॉक्टर बाईंच्या गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिन सुरू करून स्कॅनरवर हवेचा आकडा बघितला: दोन पूर्णांक एक. पुस्तकाप्रमाणे तीनच्या वर हवा होता. गाडी बंद केली, दोन स्क्रू काढले आणि सेन्सर बाहेर ओढला.

तारेवर तपकिरी, चिकट लेप बसला होता. धूळ नव्हती, धूळ फुंकली की उडते. ऑइल म्हणावं तर तेही नव्हतं. मी सेन्सर नाकाजवळ नेला.

ऊद. ऊद आणि राळ. आमच्या देवघराचा वास.

खंडेनवमीला गॅरेजात हत्यारांची पूजा सगळीकडेच होते. पान्हे, जॅक, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. आमच्याकडे त्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्याही येत. पण मामंजींची एक जादा रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात बघितली नाही. इंजिन धुऊन पुसून झालं, की एअर फिल्टर काढून हवेच्या नळीचं तोंड उघडं करायचं आणि इंजिन सुरू ठेवून त्या तोंडाशी धुपाटणं धरायचं. राळेचा पांढरा दाट धूर इंजिन घटाघटा ओढून घेई. “लेकराला न्हाऊ घातलं की धुरी देत्यात का न्हाई?” मामंजी म्हणत. “मग हिनं काय पाप केलंय?” लोकांना त्याचं भारी कौतुक. त्या धुरीसाठी तर ते इचलकरंजीहून गाड्या आणत. यंदाही एकोणीसच्या एकोणीस गाड्यांना धुरी दिली होती, आणि मी मोबाइलवर फोटो काढले होते.

मी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तार साफ केली, वाळवली, परत बसवली. आकडा तीन पूर्णांक दोन. इंजिनाचा आवाजच बदलला.

“काय गं, मिटला का तंटा?” मागून आत्याबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशा त्या बोलत. “मी म्हनलो, ही पोरगी जेवली बी न्हाई.”

मी त्यांना सगळं सांगितलं. खंडेनवमीची राळ आणि ऊद त्या स्वतः कुटायच्या. त्या तिथंच पालथ्या पत्र्याच्या डब्यावर बसल्या.

“ह्येंच्या हातानं झालं म्हनतीस?”

“हो.”

“मग ऐक. मी तुला सांगतो. सातीच्या साती गाड्या अशाच फुसफुस करून पुसून टाक. दिवा गेला की झालं. उसाचा हंगाम हाय, रस्त्याला धुरळा हाय, धुरळा बसला म्हनून सांगतील. त्येंचा सबूद राहील आन् शटर बी राहील. तू गप बस.”

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. किती सोपं होतं! एक डबा फवारा आणि दोन तासांचं काम. मामंजींचं नाव तसंच राहिलं असतं आणि माझ्या हातून सासऱ्याची मान खाली गेली, असं कुणी म्हणालं नसतं. मी डबा उघडला आणि तसाच मिटला. तिकडं कोल्हापुरात एक दुकानदार, ज्याचा माल चांगला होता, त्याच्या काउंटरवर या घटकेला मामंजी हात आपटत असतील. आणि पुढच्या खंडेनवमीला परत धुरी, परत दिवा. शिवाय माझा स्वभावच मेला असा, की समोरचा आकडा खोटा आहे हे कळल्यावर मला तो खरा म्हणून बघताच येत नाही.

“मी त्यांना सांगणार,” मी म्हणाले.

“सांग मग. तू आन् तुझं यंत्र,” असं म्हणून आत्याबाई डबा न घेताच आत गेल्या.

मामंजी तीनच्या सुमाराला आले, ते धुमसतच. दुकानदारानं एका शब्दानं उलट न बोलता दुसरा नवा सेन्सर दिला होता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला होता. “चोराच्या मनात चांदनं असल्याबिगर कोन असं गप देईल का?” म्हणत त्यांनी खोका बाकावर टाकला.

तपासणीसाठी आमच्याकडेच ठेवलेल्या दस्तगीरभाईंच्या टॅक्सीतला हवेचा सेन्सर मी तोवर काढून ठेवला होता. तो मी त्यांच्या हातावर ठेवला.

“मामंजी, याचा वास घ्या.”

त्यांनी वास घेतला. माझ्याकडं बघितलं. परत घेतला.

“ऊद हाय ह्यो.”

“दस्तगीरभाईंच्या गाडीतला. डॉक्टर बाईंच्या गाडीतही असाच होता. सातही गाड्यांत हा सेन्सर आहे. बाकीच्या बारांत नाही, म्हणून त्या वाचल्या.”

रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले.

“तू म्हनतीस, माझ्या हातानं झालं?”

“मी नाही, यंत्र म्हणतंय.”

“यंत्राला कशाला फुडं करतीस? तुझं तू बोल.”

“तुमच्या हातानं झालं, मामंजी. धुरीनं.”

“चाळीस वर्सं देतोय धुरी!” त्यांचा आवाज चढला. “चाळीस वर्सांत कुनाला खोकला आला न्हाई, आन् औंदाच आला?”

“तेव्हाच्या गाड्यांना हे नाक नव्हतं. या सातांतल्या पाच गाड्या लोकांनी या वर्षातच घेतल्यात. राहिलेल्या दोघींना मागच्या दिवाळीतही दिवा लागला होता. तुम्ही म्हणालात, पेट्रोलात भेसळ आहे.”

हे मी बोलायला नको होतं असं मला वाटलं, पण बोलून बसले होते. मामंजींनी टोपी काढली, परत घातली. मग घराकडं तोंड करून हाक मारली.

“अगं ए, धुपाटनं आन. निखारे घालून आन. राळ बी आन.”

आत्याबाई दारात आल्या. “आत्ता? उन्हाचं? कशाला?”

“आन म्हनतो न्हवं!”

त्यांनी डॉक्टर बाईंच्या गाडीचा फिल्टर स्वतः काढला. मला म्हणाले, “तू आत बस. आकडा वाच. मोठ्यानं वाच.”

मी गाडी सुरू केली. “तीन पूर्णांक दोन.”

त्यांनी निखाऱ्यांवर राळ टाकली. पांढरा धूर उठला आणि खंडेनवमीला उभे राहतात तसेच ते उभे राहिले, पाठ ताठ, एक हात छातीशी. धुपाटणं नळीच्या तोंडाशी नेलं. इंजिन धूर ओढू लागलं.

“किती?”

“तीन एक.”

अजून राळ टाकली. “किती?”

“दोन नऊ.”

“आता?”

“दोन सात. मामंजी, बास.”

“वाच म्हनलं न्हवं तुला? वाच.”

“दोन सहा... दोन चार.” उघड्या बॉनेटखालच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. पोराच्या नाडीवर बोट ठेवून बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा. इंजिन एकदा अडखळलं, सावरलं आणि जड आवाजात चालू राहिलं. तो आवाज त्यांना माझ्या आकड्यांपेक्षा जास्त कळला असावा. त्यांनी धुपाटणं खाली ठेवलं.

“बंद कर.”

मी बंद केली. दारात आत्याबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

“माझ्या बाची रीत ही,” मामंजी कुणाकडंच न बघता म्हणाले. “पिठाच्या गिरनीवर हुता त्यो. गिरनीच्या ऑइल इंजिनाला धुरी द्यायचा.”

“त्या इंजिनाला सेन्सर नव्हता,” मी म्हणाले.

“न्हवता.”

मी फवारा उचलला तशी त्यांनी हात आडवा केला. “ऱ्हाऊ दे. ही गाडी अशीच ऱ्हाऊ दे उद्याच्याला.” आणि चप्पल पायात सरकवून ते रस्त्याला लागले. कुठं जाताय, विचारायचा धीर दोघींनाही झाला नाही. दिवेलागणीला आले, अर्धी भाकरी खाल्ली आणि भिंतीकडं तोंड करून पडले. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मी भांडी घासता घासता एकच विचार करत होते, की हाच माणूस मला स्टूल आणून देणारा, आणि मी त्याला काय दिलं!

रविवारी सकाळी नऊच्या आधीच सातही गाड्या रांगेला लागल्या. गाड्या सात आणि माणसं पन्नासभर. तमाशा फुकट असला की आमचं गाव वेळेवर येतं. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला साबण लावलेलं सोडून दारात उभा होता. डॉक्टर बाई आल्या होत्या. दस्तगीरभाई मान खाली घालून बॉनेटला टेकले होते; आपल्याच तोंडानं हे सगळं झालं याचं त्यांना वाईट वाटत असावं.

मामंजी घरातून बाहेर आले, ते गॅरेजच्या काळ्या कपड्यांत नव्हते. पांढरा धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी. आत्याबाई मागून हळूच म्हणाल्या, “धुरळा म्हना. अवो, नुसतं धुरळा म्हना.” त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

“बिघाड गावला,” ते म्हणाले.

लोक पुढं सरकले.

“तुमच्या गाड्यांत न्हवता. दुकानदाराच्या मालात न्हवता. पेट्रोलात बी न्हवता.” त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. “हितं हुता. खंडेनवमीला ह्या हातानं तुमच्या इंजिनाला धुरी दिली. आताच्या गाड्यांत हवेच्या नळीत एक बारकी तार असती, तिच्यावर राळ बसली. मला वाटायचं, मी गाडीला आशीर्वाद देतोय. मी तिचं नाक चोंदवत हुतो.”

मागची माणसं टाचा उंचावून ते हात बघू लागली.

“आन् ह्ये बी मी शोधलं न्हाई. मी काल कोल्हापूरला जाऊन एका बिनकसुरी मानसाला चोर म्हनून आलो. आज दुपारच्या गाडीनं जाऊन त्येची माफी मागनार हाय. शोधलं माझ्या सुनंनं. तोंडावर सांगितलं बी तिनंच. दुसऱ्या कुनाची छाती झाली नसती.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी स्कॅनरची वायर उगाच गुंडाळत बसले.

गर्दीतून कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ, नाव सांगत नाही, गाडीत बसले, रिव्हर्स घेतली आणि निघून गेले. ते परत कधी आमच्याकडे आले नाहीत. मामंजी त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी होईतो बघत राहिले.

मग दस्तगीरभाई पुढं आले. “मिस्त्री, एक इचारू? गपगुमान पुसून दिली असती, तर आमच्या बाला कळलं नसतं. ह्ये असं पन्नास मानसांत सांगताना लाज न्हाई वाटली?”

“वाटली की,” मामंजी म्हणाले. “काल दुपारी लई वाटली. चालत चालत उदगावच्या पुलावर गेलो, तितं बसलो. तितं ध्यानात आलं. दुसऱ्याच्या गाडीतला बिघाड गावला, की चाळीस वर्सं मी चारचौघांत छाती फुगवून सांगतोय. मिस्त्रीला बिघाड गावल्याचा आनंद व्हतो, दस्तगीर. ह्यो आपल्यात गावला म्हनून दडवला, तर मी कसला मिस्त्री?”

दस्तगीरभाईंनी जाऊन आपल्या टॅक्सीचं बॉनेट उघडलं. मग दुसऱ्यानं उघडलं, मग तिसऱ्यानं. डॉक्टर बाईंना बॉनेटची कळ सापडेना, ती न्हाव्यानं येऊन काढून दिली. बघता बघता सहाही बॉनेटं उघडी झाली. मला तेव्हा सासऱ्याचा असा अभिमान वाटला, की लग्नाआधी मला बघायला आलेल्या पाव्हण्यांपैकी मी खरं म्हणजे कुणाला पसंत केलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“शैला,” मामंजी म्हणाले, “बाईंची गाडी घे पयली. त्यास्नी पोरं तपासाय जायाचं असतंय.”

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वाकले. माझ्यामागं आत्याबाईंची हालचाल जाणवली. त्या फवाऱ्याचा डबा पदरानं पुसून माझ्या उजव्या हाताशी ठेवत होत्या. पहिला स्क्रू निघाला. आमच्या गॅरेजात निघालेले स्क्रू तळहातावर धरून उभं राहायचं काम सगळ्यात नवख्या माणसाचं. त्या दिवशी तसं कुणी नव्हतं, म्हणून मी ठेवायला काहीतरी शोधू लागले.

मामंजींनी धुतलेल्या सदऱ्याची बाही वर सारली आणि पन्नास माणसांच्या देखत आपला तळहात माझ्यापुढं धरला.

“ठेव,” ते म्हणाले. “आन् दुसरा काढ.”